थंडीत चार महिने गाडी उभी ठेवताना

आधी प्रश्न सांगतो. साताऱ्यात शाहूपुरीला राहणाऱ्या एका सेवानिवृत्त साहेबांकडे २०१० सालची पोर्शे बॉक्स्टर आहे, कापडी छताची जर्मन स्पोर्ट्स कार, पुण्यातून जुनी घेतलेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते मुलाकडे म्युनिकला चाललेत, परत येणार मार्चच्या मध्यावर. मुलानं तिकडून हिवाळ्यात गाडी कशी ठेवायची याची यादी पाठवली आहे: अँटीफ्रीझ तपासा, बॅटरी काढून घरात घ्या, टायर बदला, गाडी जॅकवर उचला. शेजारी सांगतात, यातलं काही करू नका, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू केलं की झालं. जागा तीन आहेत: वाईजवळच्या शेतावरची शेड, सांगलीत मेव्हण्यांच्या अपार्टमेंटचं तळघर आणि बंगल्याचा पोर्च. पुतण्या बंगल्यातच वरच्या मजल्यावर राहतो. कुणाचं ऐकायचं?

साहेब, मी सत्तावीस वर्षं साताऱ्यात गॅरेज चालवतोय. मुलाची यादी चुकीची नाही, पण ती तिथल्या हवेसाठी लिहिलेली आहे. जर्मनीत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. ते मिठाचं पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा खातं. म्हणून तिकडची शौकीन माणसं ऑक्टोबरात गाडी आत घालतात ती एप्रिलला बाहेर काढतात. तिकडे १९९७ पासून हंगामी नंबरप्लेटही मिळते. ज्या महिन्यांत गाडी रस्त्यावर येणार ते महिने प्लेटवरच छापलेले असतात. बॅटरी घरात घ्या म्हणतात त्यालाही कारण आहे. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांत गोठतं आणि खोकं फुटतं. पूर्ण भरलेली बॅटरी मात्र उणे पन्नासलाही गोठत नाही.

आपल्या साताऱ्याची थंडी म्हणजे जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो पेपरात येतात, तेवढंच. या थंडीनं गाडीचं काहीही बिघडत नाही. बिघडतं ते उभं राहिल्यानं, ओलीनं, उंदरांनी आणि शेजारी ठेवलेल्या भलत्या वस्तूंनी. शेवटच्या दोन गोष्टी मुलाच्या यादीत नाहीत. आपल्याकडे खरं नुकसान त्याच करतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

शेडपासून बोलू. शेतावरची शेड म्हटली की मी पहिलं विचारतो, आत खताची पोती आहेत का? असणारच. रब्बीची तयारी असते, उसाची लागण असते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून जे लाल खत मिळतं ते रासायनिक नावानं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. पोतं फाटलं, भरताना धूळ उडाली की ती गाडीवर बसते, रात्रीची ओल ओढून घेते आणि पत्र्याला चिकटून राहते. युरियाही हवेतलं पाणी ओढतो. जर्मनीत मीठ रस्त्यावरून येतं, आपल्याकडे ते शेडच्या कोपऱ्यात रचून ठेवलेलं असतं.

हे मी आमच्याच घरात पाहिलंय. वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, ते गेल्यावर गावच्या शेडमध्ये लावून ठेवली. डाव्या बाजूला भिंतीलगत खताची थप्पी होती. दोन वर्षांनी गाडी बाहेर ओढली तेव्हा उजवी बाजू धुतल्यावर जशीच्या तशी निघाली. डाव्या बाजूच्या मडगार्डच्या कडेला रंगाखाली हरभऱ्याएवढे फोड आले होते. एका फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते आरपार गेलं. दाराखालचा पत्रा हातानं दाबला तर बिस्किटासारखा तुटला. एकच गाडी, एकच छप्पर, दोन बाजूंना दोन गती. त्या दिवसापासून गाडी कुठे ठेवायची हे ठरवताना मी छपराआधी शेजार बघतो.

असाच त्रास आणखी तीन गोष्टींचा. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड. त्याच्या कॅनमधून झाकण लावलेलं असलं तरी वाफ सुटत राहते आणि जवळचं लोखंड काही आठवड्यांत तांबूस पडतं. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी. ती चार्ज होताना आम्लाचे बारीक तुषार आणि हायड्रोजन सोडते. आणि गोठा. गोठ्यातल्या अमोनियानं पितळेचे, तांब्याचे जोड काळवंडतात, चिरतात आणि वायरिंगच्या कनेक्टरना त्याचा त्रास होतो. गाडी आणि यातलं काहीही एका छपराखाली नको.

आता उंदीर. आपल्याकडे थंडी म्हणजे उंदरांचं स्थलांतर. सोयाबीन निघालं, भात कापलं, उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की शेत उघडं पडतं आणि उंदीर-घुशी आडोसा शोधत घराकडे, शेडकडे सरकतात. हलत नसलेली गाडी त्यांना तयार घर वाटते. आत ऊब आहे, मऊ फोम आहे, वायरींचं आवरण कुरतडायला आहे.

कोरेगावकडची एक गाडी माझ्याकडे आली होती. सोयाबीनची मळणी झालेल्या शेडमध्ये तीन महिने उभी. मालकाची तक्रार एवढीच की इंजिनाचा दिवा लागलाय आणि गाडी ओढत नाही. एअर फिल्टरचा डबा उघडला. आत ओंजळभर सोयाबीन, बॉनेटच्या आतला फोम कापूस पिंजल्यासारखा पिंजलेला, त्यात चार गुलाबी पिल्लं आणि कागदी फिल्टरला रुपयाएवढी दोन भोकं. इंजेक्टरच्या दोन वायरींचं तांबं उघडं पडलं होतं. वायरिंग पुन्हा बांधायला आठवडा गेला. आणि ती समोर इंजिन असलेली, बॉनेट उचललं की सगळं दिसणारी गाडी होती. तुमच्या बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, झाकणांखाली बंद आहे. तेल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी मागच्या डिकीत दिसतात. आत उंदीर शिरला तर तुम्हाला किंवा पुतण्याला कळणारही नाही.

म्हणून शेड नको. अगदीच नाइलाज झाला तर शेड रिकामी करा, खत आणि धान्य दुसरीकडे हलवा, चुन्यानं भिंती मारून घ्या, मग ठेवा. पण घर जवळ असताना ती यातायात कशाला?

सांगलीचं तळघर थंडीत पुरात जायचं नाही, हे खरं. कृष्णा फुगते पावसाळ्यात. पण तुमचा मुक्काम लांबला आणि जून उजाडला तर? सांगलीला आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा पूर आला. अशा वेळी तळघरात आधी पाणी येतं आणि तिथली गाडी बाहेर काढायला शेवटी माणूस मिळतो. थंडीपुरतंही मला तळघर पसंत नाही. हवा खेळत नाही, शेजारच्या गाड्या रोज धुतल्या जातात, फरशी कायम ओलसर. आणि साताऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरवर पडलेल्या गाडीकडे मेव्हणे किती वेळा उतरून बघतील? त्यांनाही तो घोर कशाला?

पोर्चच बरा. वर स्लॅब, तीन बाजूंना भिंत आणि येता-जाता पुतण्याची नजर. उघड्या पोर्चमध्ये दव पडेल अशी तुम्हाला शंका आहे. दव मोकळ्या आकाशाखाली पडतं, कारण रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो. डोक्यावर स्लॅब असला की ते फार कमी होतं. उरलेली ओल जमिनीतून येते. त्यासाठी गाडी लावायच्या जागी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्यावर जुनं जाजम किंवा प्लायवूड. हे काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे आणि त्याचा गुण मी मोजून पाहिलाय. त्याखालची फरशी सकाळी हाताला ओली लागते, वरचं जाजम कोरडं.

उघड्या बाजूला जाळीचा पडदा लावा, खालपर्यंत. पोर्चमध्ये रद्दी, पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचं खाणं काही ठेवू नका. गाडीतून बिस्किटाचे पुडे, चिवड्याचे कागद, दाराच्या कप्प्यातली बडीशेपसुद्धा काढा. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलची तारेची घासणी घट्ट बसवा. दारांच्या मागे बाजूला ज्या जाळ्या दिसतात तिथूनच इंजिन श्वास घेतं. त्यांच्यावर बाहेरून बारीक लोखंडी जाळी लावा. जिथे जिथे काही कोंबलंय तिथे लाल रिबीन बांधा आणि स्टिअरिंगला कागद लटकवा: कुठे काय लावलंय आणि कधी काढायचं. विषाच्या गोळ्या टाकू नका. उंदीर ते खाऊन गाडीत जाऊन मरतो आणि मग तो वास महिनोन् महिने जात नाही. डांबरगोळ्याही आत ठेवू नका. उंदीर त्यांना फारसा जुमानत नाही, पण कापडी छतात आणि चामड्यात त्यांचा वास मुरतो. गाडीच्या चार बाजूंना पिंजरे ठेवा. दर दोन दिवसांनी ते बघायचं काम पुतण्याला द्या.

पुतण्याला हेच काम द्या, इंजिन चालू करायचं नको. हा मुद्दा नीट सांगतो, कारण त्याच्यावरून माझे जवळच्या माणसांशीही वाद झालेत.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं ते पाणी. गाडी चांगली तापलेली असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. थंडीच्या सकाळी सायलेन्सरच्या टोकाशी थेंब ठिबकताना तुम्ही पाहिलेच असतील. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, सायलेन्सर तर नाहीच. मग हे पाणी आतच साचतं. थोडं पिस्टनच्या कडेनं खाली तेलात उतरतं, त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं म्हणून ते जास्तच उतरतं. आठवड्याला पाच मिनिटं, चार महिने म्हणजे सोळा-सतरा वेळा तुम्ही स्वच्छ तेलात पाणी आणि पेट्रोल कालवता. गाडी जागेवरून न हलवता हे केलं की टायर, ब्रेक, गिअर यांना काडीचा उपयोग होत नाही.

बॅटरीला तरी होतो का? हिशेब मांडू. आजकालच्या गाडीत किल्ली काढल्यावरही अलार्म, सेंट्रल लॉक, कंट्रोल युनिट यांना मिळून तीस-चाळीस मिलिअँपिअर लागत राहतात. चाळीस धरले तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास, आठवड्याला सात. पाच मिनिटं नुसत्या आयडलवर इंजिन चालवून अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, फार तर एक परत देतो आणि स्टार्ट करताना खर्च झालेलं आधी त्यातूनच भरायचं असतं. म्हणजे दर आठवड्याला सहा अँपिअर-तासांची तूट. ७० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच-तीन महिन्यांत पूर्ण उतरते, आणि त्याच्या बऱ्याच आधी तिच्यात गाडी उठवायचा दम राहत नाही. जानेवारीत एके सकाळी पुतण्या किल्ली फिरवेल आणि नुसतं टिकटिक होईल.

एखादा घरचा माणूस आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर महामार्गावर चालवणार असेल तर गोष्ट वेगळी, ते सगळ्यांत उत्तम. पण परक्याच्या हातात ही गाडी द्यायची नसेल तर तिला शांत झोपू द्या.

बॅटरीचे दोन मार्ग आहेत. एक, मेंटेनर लावायचा, म्हणजे बॅटरी भरली की स्वतःहून थांबणारा आणि गरज पडली की पुन्हा सुरू होणारा लहान चार्जर. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर इथे लावू नका. तो थांबत नाही, बॅटरीतलं पाणी उकळवून टाकतो. मेंटेनर घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा: चालू असताना प्लग काढा, मिनिटभरानं परत लावा. काही चार्जर वीज गेली की बंद पडतात आणि आल्यावर बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. आपल्याकडे वीज जाते, त्यामुळे आपोआप सुरू होणाराच हवा. बॅटरी एजीएम प्रकारची, म्हणजे पाणी भरावं न लागणारी बंद बॅटरी असेल तर चार्जरवर तो मोड आहे ना ते पाहा. निघायच्या आधी बॅटरी पूर्ण भरा, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ ला ती पाऊण भरलेली असते, १२ ला पाव. १२ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली की आत शिशावर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण भरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मायनसची तार काढणं. साध्या गाडीत मी हेच सांगितलं असतं. पण बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. तार काढून झाकण लावलंत की बसलात बाहेर. त्यावर उपाय आहे. फ्यूज बॉक्समध्ये एक टोक बाहेर ओढता येतं, त्याला बाहेरच्या बॅटरीचा प्लस आणि बॉडीच्या लोखंडाला मायनस लावला की कुलूप उघडतं. गाडीच्या पुस्तकात ती रीत चित्रासह दिलेली असते, ते पान मोबाईलवर फोटो काढून पुतण्याला पाठवून ठेवा. तरी तुम्हाला मी मेंटेनरच सुचवतो. त्याची वायर झाकणाच्या रबराखालून बाहेर काढा, रबर चेपून घेतं. अलार्मही चालू राहील.

आता निघण्याआधीचा आठवडा. तेल आणि तेलाचा फिल्टर आधीच बदला, आल्यावर बदलू असं म्हणू नका. वापरलेल्या तेलात पाणी, पेट्रोल आणि आम्लं मुरलेली असतात. त्यात बेअरिंग चार महिने भिजत ठेवण्यापेक्षा नव्या तेलात राहू देत. ग्रेड पुस्तकात लिहिलंय तोच.

कूलंट, म्हणजे यादीतलं अँटीफ्रीझ, बघायला मुलानं सांगितलंय ते बरोबर आहे, फक्त कारण दुसरं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कित्येक जण बोअरचं पाणी ओततात. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती आपल्याला हवीत. बोअरच्या क्षारांनी पंपाच्या आत आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. पुण्याहून घेताना मागच्या मालकानं काय भरलं होतं हे माहीत नसेल तर पूर्ण बदला, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं.

बॉक्स्टरमध्ये बघायची एक खास जागा आहे. तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि समोरच्या तोंडातून पानं, उसाच्या पाचटाचे तुकडे, जळलेल्या पाचटाची काजळी आत जाऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये बसते. ती ओल धरते आणि अ‍ॅल्युमिनिअम आतून खाते. टॉर्च घेऊन तोंडात बघा. ओंजळभर पाला निघाला तरी नवल वाटू देऊ नका. बंपर उतरवून साफ करायला दोन-तीन तास लागतात, एवढं जरूर करून घ्या.

कापडी छतालाही असाच एक कोपरा आहे. सीटच्या मागे दोन्ही बाजूंना छताचं पाणी निचरायची भोकं असतात. ती कचऱ्यानं तुंबली की पाणी आत उतरतं आणि सीटखालच्या कंट्रोल युनिटवर साचतं. मग गाडी किल्ली ओळखत नाही आणि बिल डोळे पांढरे करतं. छत अर्धं उघडून भोकं साफ करा, थोडं पाणी ओतून गाडीखाली पडतंय ना बघा. थंडीत पाऊस नाही म्हणू नका, नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी येतोच. छत कोरडं झाल्यावर वर चढवून, कडी लावून ठेवा. चार महिने घडी करून ठेवलं तर घडीची रेघ कायमची पडते.

पेट्रोल टाकी भरून ठेवा, नोझलची पहिली टक झाली की थांबा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बरंचसं आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत हवा जितकी कमी तितकं पाणी कमी. २०२३ च्या आधीच्या गाड्यांचं रबर आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले असतीलच असं नाही, म्हणून इंधनाच्या पाइपांवर एकदा हात फिरवून बघा, कुठे मऊ-चिकट किंवा तडकलेला लागतोय का. फ्यूएल स्टॅबिलायझर मिळाला तर भरायच्या आधी टाकीत टाका, म्हणजे नीट मिसळतो आणि पुढच्या फेरीत इंजिनापर्यंत पोचतो.

फेरी म्हणजे ही. गाडी धुवा, खालून, चाकांच्या कमानीत, सगळीकडे. मग ओलीच आत घालू नका. महामार्गानं पाचवडपर्यंत जाऊन या. तेल तापतं, सायलेन्सर कोरडा होतो, ब्रेकच्या डिस्कवरचं पाणी उडून जातं. परत आल्यावर गार होऊ द्या आणि मगच कव्हर.

हँडब्रेक ओढायचा नाही. बॉक्स्टरला हँडब्रेकसाठी मागच्या डिस्कच्या आत छोटे शू असतात. ओढून ठेवले तर गंजून चिकटतात. मग पहिल्यांदा हलवताना 'टक्' असा आवाज येतो आणि कधीकधी अस्तर शूवरून उखडून ड्रमलाच राहतं. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पीवर आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

टायर बदलायचे नाहीत, गाडी जॅकवर उचलायची नाही. हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. चार महिन्यांत थोडा सपाटपणा आला तरी वीस-तीस किलोमीटरमध्ये तो जातो. टायर किती जुने आहेत ते मात्र आत्ताच बघा. बाजूला चार आकडे असतात, ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली असतील तर खाच कितीही शिल्लक असो, परत आल्यावर असली गाडी त्यांच्यावर पळवू नका.

कव्हर ताडपत्रीचं किंवा प्लास्टिकचं नको, त्याच्या आत घाम सुटतो. श्वास घेणारं सुती हवं. माझ्याकडे आईच्या जुन्या सुती नऊवारी साड्या जोडून शिवलेलं एक आहे. हजार वेळा धुतलेलं ते कापड रंगावर एकही रेघ उमटवत नाही. आधी ते आणि वरून बाजारातलं कव्हर. एक पक्कं लक्षात ठेवा, धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही आणि पुतण्यानं रोज ते उचलून बघायचं नाही. हंगामात साताऱ्याच्या हवेत पाचटाची राख असते. ती कापडाखाली घासली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठतात.

विमा या चार महिन्यांत संपत असेल तर जायच्या आधी भरा. गाडी उभी असली तरी चोरी, आग यांची जोखीम असतेच, आणि विमा नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंडित राहिला तर नो क्लेम बोनस जातो. पीयूसीची तारीखही पाहून ठेवा.

मार्चमध्ये आल्यावर घाईनं किल्ली फिरवू नका. आधी स्टिअरिंगवरचा कागद वाचा आणि घासण्या, जाळ्या मोजून काढा. गाडीखाली वाकून जाजमावर कसला डाग आहे का बघा. जाजम अंथरायचा हा दुसरा फायदा, गळती कुठून आहे ते नेमकं कळतं. ब्रेकचा पेडल दाबून बघा, टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. इंजिन सुरू झालं की एक्सलरेटर न देता मिनिटभर थांबा, तेल वर चढू द्या. पहिल्या दोन-चार ब्रेकला डिस्कवरचा तांबूस थर खरवडल्याचा आवाज येईल, तो येऊ दे, हळूहळू दाबत राहा. पहिले तीस किलोमीटर सावकाश.

त्यानंतर तुमच्या हातात मार्चचा उरलेला पंधरवडा, एप्रिल आणि मे आहे. खरं तर साताऱ्यात थंडीचे महिनेच छत उघडून गाडी चालवायचे, आणि ते या वर्षी तुमचे हुकणार. पुढच्या वर्षी जाणं जमत असेल तर जूनमध्ये जा. मृग लागला की कास, महाबळेश्वरकडे कशाला, शाहूपुरीतही चार महिने हवा ओली असते, आणि आपल्याकडे गाडी झोपवायचा हंगाम तोच. तेव्हा चामड्याला बुरशी, डिस्कला गंज, कापडी छताला हिरवट डाग, ही सगळी वेगळी तयारी लागेल. मे महिन्यात गाडी घेऊन गॅरेजवर या, समोर उभं राहून दाखवतो. त्याच वेळी सीटमागची झाकणं काढून इंजिनाच्या वायरिंगवर टॉर्च मारू, उंदरांनी थंडीत काही उद्योग केला असेल तर तो तिथे दिसेल.